फाशांची फेक आणि मित्राचा निवाडा

१

एखादा नियम पाळावयास लावणारा कोणी नसेल, तो मोडल्यास शिक्षा होणार नसेल, आणि प्रसंगी तो मोडल्यानेच सर्वांना बरे वाटणार असेल, तर तो का पाळावा? नीतिविचारात हा प्रश्न सामान्यतः वचन, कायदा किंवा धर्म यांच्या संदर्भात उपस्थित केला जातो. खेळाच्या संदर्भात तो विचारला की काहीसा क्षुल्लक वाटू लागतो. कारण खेळ म्हणजे गंभीर जीवनाच्या कडेला चालणारा व्यवहार, असा एक समज रूढ आहे. योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’मध्ये हा समज उलटवून दाखविला आणि खेळ हा संस्कृतीचा अलंकार नसून तिच्या घडणीतील एक मूळ घटक आहे, असे मांडले. या मांडणीमुळे खेळातील नियमाकडे नीतिविचाराची प्रयोगभूमी म्हणून पाहता येते. लाभ, प्रतिष्ठा आणि दंड यांचे वजन काढून घेतल्यावर नियमनिष्ठेत नेमके काय उरते, हे तेथे अधिक स्वच्छपणे दिसते.

या दृष्टीने एक उदाहरण विशेष विचारार्ह आहे. अमेरिकेत, आणि काही प्रमाणात युरोपातही, असे मित्रगट आहेत की जे शाळा-कॉलेजच्या दिवसांत सुरू केलेला एक खेळ केस पांढरे झाल्यावरही खेळत आहेत. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळावयाचा हा अद्भुतरम्य भूमिकांचा खेळ होय. मधल्या काळात प्रकाशकांनी त्याचे नियम अनेकदा बदलले, सुधारले, सुसंगत केले. हे मित्र मात्र १९७४ ते १९८१ या काळात छापल्या गेलेल्या नियमांनाच धरून आहेत. ते नियम अपुरे आहेत, ठिकठिकाणी संदिग्ध आहेत आणि पात्रांच्या बाबतीत निर्दय आहेत, हे त्यांनाही मान्य असते. तरीही त्यांचे त्या नियमांवर प्रेम आहे. या प्रेमाची संभावना स्मरणरंजन म्हणून करणे सोपे आहे, आणि त्यात स्मरणरंजनाचा अंश नाही असेही नाही. परंतु तेवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. जुन्या नियमांनी या मित्रांपुढे एक नैतिक पेच वर्षानुवर्षे ठेवलेला आहे. मित्राने मित्राविरुद्ध निवाडा द्यावा काय, आणि दयेपोटी तो खोटा करावा काय, हा तो पेच होय. प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२

मराठी वाचकाला हा खेळ परिचित असेलच असे नाही. म्हणून त्याच्या घडणीचा थोडा तपशील देणे आवश्यक आहे.

या खेळाचे मूळ युद्धखेळात आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने सिद्ध केलेला ‘क्रीगस्पील’ हा खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाई. त्यात नकाशा होता, फासे होते, नुकसानीची कोष्टके होती आणि दोन्ही पक्षांच्या आज्ञा ऐकून परिणाम सांगणारा पंच होता. पुढे नियमांचे जंजाळ इतके वाढले की १८७६ साली व्हर्डी दु व्हर्न्वा या सेनाधिकाऱ्याने कोष्टके आणि फासे दूर सारून अनुभवी पंचाच्या विवेकावरच सर्व सोपवावे, असा पक्ष मांडला. लिखित नियम की पंचाचा विवेक, हा या खेळाच्या घराण्यातील वाद असा जुना आहे.

१९६९ साली मिनेसोटातील जुळ्या शहरांत डेव्हिड वेझली यांनी ‘ब्राउनश्टाइन’ या युद्धखेळात प्रत्येक खेळाडूला सेनेऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्याच वर्तुळातील डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना एका काल्पनिक राज्यात आणि त्याच्या किल्ल्याखालील भुयारांत नेली. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथील गॅरी गायगॅक्स यांच्या सहकार्याने तिला लिखित रूप मिळाले आणि १९७४ च्या आरंभी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तीन लहान पुस्तिकांचा संच टीएसआर या संस्थेने प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती.

खेळ असा : एक जण पंच होतो, इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. पंच समोरच्या स्थळाचे वर्णन करतो. खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात. परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. पटावर सोंगट्या असल्याच पाहिजेत असे नाही. जे घडते ते बोलण्यात घडते. या अर्थाने हा खेळ कथनाच्या कुळातला आहे. मात्र त्याचा शेवट कोणाही निवेदकाच्या हाती नाही. नियमांनी पात्राला थोडेच संरक्षण दिलेले असते. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या चौसष्ट पानी प्राथमिक नियमपुस्तिकेत नवख्या जादूगाराचे प्राणांक चार बाजूंच्या एका फाशाने ठरतात. म्हणजे चारांपैकी एका जादूगाराच्या वाट्याला एकच प्राणांक येतो, आणि कोणताही एक घाव त्याला पुरतो. शून्यावर मृत्यू ठरलेला. एखाद्या पेटीच्या कुलुपातील विषारी सुई टोचली तर वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा अधिक पडले पाहिजेत. न पडल्यास पात्र मरते. शंभरात साठ वेळा ते मरते.

त्याच पुस्तिकेत दुसरेही एक कोष्टक आहे. अंधारात अनोळखी प्राणी समोर आला तर तो काय करील हे पंचाने दोन फासे टाकून ठरवावे. दोन पडले तर तत्काळ हल्ला, बारा पडले तर मनःपूर्वक मैत्री. मधल्या आकड्यांत वैर, संभ्रम आणि बोलणी यांच्या छटा. शत्रूचा पहिला साथीदार पडला की त्याच्या धैर्याचीही परीक्षा होते. तो पळतो किंवा शरण येतो. मारण्यापेक्षा संपत्ती मिळविण्यास अधिक गुण असल्याने शहाणा खेळाडू लढाई टाळतो. निर्दय म्हणविल्या जाणाऱ्या या नियमांनी शत्रूलाही भिण्याची आणि मैत्रीची मुभा ठेवली होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

३

जुन्या नियमांचे खरे वैशिष्ट्य त्यांनी काय सांगितले यापेक्षा काय सांगितले नाही यात आहे. १९७४ च्या संचात लढवय्या, जादूगार आणि पुरोहित असे तीनच पात्रप्रकार होते. सापळा कसा शोधावा, भिंत कशी चढावी, पहारेकऱ्याची समजूत कशी घालावी, यांसाठी सर्वसाधारण नियम नव्हता. खेळाडूने युक्ती सांगावयाची आणि पंचाने ती चालेल की नाही हे ठरवावयाचे. फरशीखाली पोकळी आहे असा संशय आला तर कोणी म्हणे, मी पखालीतील पाणी ओततो आणि ते कोठे मुरते ते पाहतो. हे वाक्य हीच कृती आणि पंचाचा होकार हाच तिचा परिणाम.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने चोर हा चौथा प्रकार आणला. कुलूप उघडणे, लहान सापळे निकामी करणे, आवाज न करता चालणे, सावलीत लपणे या कौशल्यांना टक्केवारी मिळाली. वरवर पाहता ही भर होती. परंतु जाणत्या खेळाडूंनी तिच्यातील विपरीत परिणाम पुढे अनेकदा दाखवून दिला आहे. जोवर लपण्याचा नियम नव्हता तोवर कोणीही लपू शकत असे. चोराला लपण्याचा अधिकार लिहून दिला आणि इतरांची लपण्याची शक्ती संशयास्पद झाली. नियम जे देतो ते एकाला देतो आणि अनेकांकडून न बोलता काढून घेतो. कायद्याच्या अभ्यासकाला हे नवे नाही. हक्कांची यादी केली की यादीबाहेरचे हक्क उरले किंवा नाही हा वाद लगेच सुरू होतो.

साहित्यविचारात रोमान इनगार्डन यांनी १९३१ साली कलाकृतीतील अनिश्चित जागांची संकल्पना मांडली आणि वोल्फगांग इझर यांनी १९७६ मध्ये तिला वाचनप्रक्रियेच्या केंद्रस्थानी आणले. संहिता सर्व काही सांगत नाही. तिच्यातील रिकाम्या जागा वाचक भरतो. जुनी नियमपुस्तिका ही अशाच रिकाम्या जागांनी भरलेली संहिता आहे. मात्र येथे एक महत्त्वाचा फरक आहे. कादंबरीतील रिकामी जागा वाचक एकांतात भरतो. त्याने ती कशी भरली याचा जाब त्याला समोर बसलेल्या कोणास द्यावा लागत नाही. खेळातील रिकामी जागा एक मनुष्य दुसऱ्याच्या देखत आणि दुसऱ्यावर परिणाम होईल अशा रीतीने भरतो. त्यामुळे अर्थनिर्णयाचा प्रश्न येथे न्यायाचा प्रश्न होतो. पंचाने भिंत निसरडी आहे असे म्हटले तर मित्राचे पात्र पडून मरू शकते. त्या पात्रात मित्राची दहा-बारा वर्षे असू शकतात.

१९७४ च्या तिसऱ्या पुस्तिकेच्या अखेरीस लेखकांनी वाचकांना, अडलेल्या जागी प्रकाशकाकडे विचारणा करण्यापेक्षा स्वतःच निर्णय घ्यावेत, असे सुचविले होते. पण त्याच गायगॅक्स यांनी पुढे १९७७ ते १९७९ या काळात खेळाची ‘प्रगत’ संहिता तीन मोठ्या ग्रंथांत सिद्ध केली, आणि तिचा एक उद्देश सर्वत्र एकसारखा खेळ व्हावा हा होता. २००० साली, विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट या संस्थेने टीएसआर विकत घेतल्यानंतर तीन वर्षांनी, तिसरी आवृत्ती आली आणि शोध, संभाषण, समजूत यांनाही आकडे मिळाले. पाणी ओतण्याची युक्ती न सुचणाराही आता फासा टाकून सापळा शोधू शकत होता. यात एक न्याय निश्चितच आहे. बोलण्यात चतुर नसलेला, पंचाशी जुनी ओळख नसलेला नवखा खेळाडू पंचाच्या लहरीपासून सुरक्षित झाला. नव्या नियमांची बाजू येथे सबळ आहे. अनोळखी माणसांना एकत्र खेळावयाचे असेल तर विस्तृत संहिता हवीच. जुने नियम मात्र अशा माणसांसाठी आहेत की ज्यांच्यापाशी एकमेकांच्या निवाड्यांची दीर्घ स्मृती आहे. असा गट चाळीस वर्षे खेळतो तेव्हा त्याने दिलेले निर्णय हीच त्याची रूढी बनते. छापील पुस्तिका तीच राहते; तिच्या रिकाम्या जागांत एक अलिखित धर्मशास्त्र साचलेले असते, आणि ते त्या मित्रांखेरीज कोणास वाचता येत नाही.

४

निवाडा कठीण होतो तो रिकाम्या जागी नव्हे, तर जेथे नियम स्पष्ट असून त्याचा परिणाम क्रूर असतो तेथे. सुई टोचली आहे, फासा टाकला गेला आहे, आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे पंचाला एकट्याला दिसणारा आकडा १२ आहे. एकाने कमी पडल्यामुळे मित्राचे पात्र मरणार. पंच १३ म्हणू शकतो. कोणाला कळणार नाही, कोणाचे नुकसान होणार नाही, आणि टेबलाभोवती आनंदच पसरेल. त्याने काय करावे?

गायगॅक्स यांनी १९७९ च्या पंचासाठीच्या ग्रंथात या प्रसंगाचा विचार केला आहे. फासे बाजूला ठेवण्याचा अधिकार ते पंचाला देतात. खेळाडू नीट खेळूनही केवळ विचित्र फाशामुळे मरत असेल तर त्याला ठार करण्याऐवजी बेशुद्ध करावे, किंवा एखादा अवयव वा डोळा गमावण्यासारखी कठोर पण प्राणघातक नसलेली हानी ठरवावी, असे सुचवितात. जुन्या नियमांचा कर्ताच दयेला अशी परवानगी देत असल्याने प्रश्न सुटला असे वाटेल. वस्तुतः येथे दोन भिन्न गोष्टी एकत्र झालेल्या आहेत. एक म्हणजे दया आणि दुसरी म्हणजे लपवणूक. पंच उघडपणे म्हणू शकतो की, या सुईने मृत्यू येणे अन्याय्य होईल, हात निकामी होईल असे ठरवू. हे विधान मित्रापुढे ठेवलेले असते. तो त्यास हरकत घेऊ शकतो, आणि अनेकदा घेतोही. १२ पाहून १३ म्हणणे ही गोष्ट निराळी आहे. तेथे मित्राकडून त्याच्या स्वतःच्या कथेचे सत्य काढून घेतलेले असते.

हुइझिंगा यांनी खेळात फसविणारा आणि खेळ मोडणारा यांच्यात भेद केला आहे. फसविणारा निदान नियम मानण्याचे ढोंग तरी करतो, म्हणून खेळाचे जग त्याला सोसून घेते; मोडणारा ते जगच नाकारतो. मराठी मुलांच्या भाषेत पहिल्याच्या खेळण्याला रडीचा डाव म्हणतात. दयाळू पंच या दोहोंपैकी कशातच नीट बसत नाही. तो स्वतःसाठी फसवीत नाही, दुसऱ्यासाठी फसवितो. त्याच्या कृतीचे वर्णन करण्यास मराठी मुलांच्याच खेळातील दुसरा एक शब्द अधिक समर्पक आहे : कच्चा लिंबू. फार लहान मुलाला खेळात घ्यावयाचे असते, पण त्याच्यावर राज्य द्यावयाचे नसते. तो बाद झाला तरी बाद धरावयाचा नसतो. त्यालाच कच्चा लिंबू म्हणतात. तो सर्वांबरोबर धावतो, ओरडतो, हसतो. त्याला वाटते आपण खेळत आहोत. इतरांना ठाऊक असते की तो खेळत नाही. ही कृपा लहान मुलाच्या बाबतीत योग्य आहे, कारण तो अजून खेळाडू व्हावयाचा आहे. समवयस्क मित्राला त्याच्या नकळत कच्चा लिंबू करणे यात मात्र त्याच्याविषयीची अनुकंपा आणि त्याच्याविषयीचा अनादर एकाच कृतीत येतात. शिवाय त्याने पूर्वी मिळविलेले सर्व विजयही त्यामुळे शंकास्पद होतात. एकदा १२ चे १३ झाले हे कळले की मागच्या वीस वर्षांतले कोणते १३ खरे होते, हे कोण सांगणार?

बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली खेळाची व्याख्या करताना, सोपा मार्ग उपलब्ध असताना कठीण मार्ग केवळ खेळता यावे म्हणून पत्करणे, ही वृत्ती केंद्रस्थानी ठेवली. या वृत्तीचा दाखला देऊन एवढे म्हणता येईल की, मित्राने धोका स्वेच्छेने पत्करलेला असतो. तो धोका गुपचूप काढून घेणे म्हणजे त्याची ती इच्छाच रद्द करणे होय.

यातून एक निकष हाती येतो. दयेची योग्य वेळ फासा टाकण्यापूर्वीची आहे. फासा टाकावा की नाही, कोणत्या परिणामांसाठी टाकावा, किती कठीण मानावा, हे सर्व विवेकाचे क्षेत्र आहे. येथे पंच उदार असू शकतो आणि असावा. एकदा फासा सुटला की क्षेत्र बदलते. फासा टाकणे हे एक प्रकारचे वचन आहे : जे पडेल ते मानू. त्यानंतरची दया उघडपणे, सर्वांच्या संमतीने झाली तर ती वचनातून मिळालेली सूट ठरते. गुप्तपणे झाली तर ती वचनभंग ठरते, मग हेतू कितीही चांगला असो. अनेक जुने खेळाडू आडोसा काढून टाकतात आणि सर्वांदेखत फासे टाकतात. ही रीत कठोर वाटते. पण पंचाला दयाळू खोटेपणाच्या मोहातून सोडविणारी, म्हणून पंचावरचीच ती दया आहे असे म्हणता येईल.

५

मैत्री आणि निवाडा यांचा असा संबंध जोडणे काहींना खटकेल. ॲरिस्टॉटलनेच म्हटले आहे की जेथे मैत्री आहे तेथे न्यायाची गरज उरत नाही. पण त्याच विवेचनात त्याने न्यायाचे सर्वांत अस्सल रूप मैत्रीशी जोडले आहे, हे विसरून चालणार नाही. मित्र एकमेकांवर दावे लावीत नाहीत याचा अर्थ त्यांच्यात निवाडे होत नाहीत असा नव्हे. आणि नियमाच्या लवचीकपणाविषयी त्याने दिलेला दाखला येथे नेमका लागू पडतो : लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची मोजपट्टी वापरीत, जी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. जुन्या नियमांची पट्टी शिशाची आहे. मात्र शिशाची पट्टी दगडाप्रमाणे वाकते. मोजणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे नव्हे. हा फरक सांभाळणे हेच पंचाचे काम.

फाशांच्या खेळातील निवाड्याचा प्रश्न भारतीय परंपरेला नवखा नाही. सभापर्वातील द्यूतप्रसंगी द्रौपदीने विचारलेला प्रश्न मुळात नियमाविषयीचा आहे : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की तिला? स्वतःला हरलेल्याला दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, या रिकाम्या जागेवर तिने बोट ठेवले. सभेत जाणते पंच बसले होते. भीष्मांनी धर्म सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय देणे टाळले. तेथे नियम तर होते, फासेही पडले होते. नव्हता तो निवाडा करण्याचे धैर्य असलेला मनुष्य. विकर्णासारखा एखादा बोलला, पण त्याच्या हाती अधिकार नव्हता. नियमांवर बोट ठेवून स्वस्थ बसणे म्हणजे नियमनिष्ठा नव्हे, हा त्या प्रसंगाचा एक अर्थ आहे.

याच्या उलट टोकाला प्रेमचंदांची ‘पंच परमेश्वर’ ही १९१६ सालची कथा ठेवता येईल. अलगू चौधरी हा जुम्मन शेखचा जिवलग मित्र. जुम्मनच्या म्हाताऱ्या मावशीच्या तक्रारीत तो पंच होतो आणि मित्राच्या विरुद्ध निर्णय देतो. मैत्री तुटते. पुढे अलगूच्या एका तंट्यात जुम्मन पंच होतो, सूड घेण्याची संधी समोर असताना न्याय्य निर्णय देतो, आणि तेव्हा त्याला मित्राचे पहिले वागणे कळते. पंचाच्या जागी बसल्याखेरीज मित्राचा निवाडा समजत नाही, हा या कथेतील नैतिक अनुभव आहे. जुन्या भूमिकाखेळांच्या कित्येक गटांत पंचाची जागा फिरती असते. आज ज्याने मित्राच्या पात्राचा मृत्यू जाहीर केला त्याचे पात्र उद्या त्याच मित्राच्या हाती असते. अशा आलटापालटीतून निर्माण होणारा विश्वास आणि एकमेकांना सदैव सांभाळून घेण्यातून निर्माण होणारी जवळीक या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत मनुष्य आपल्या मित्राला सत्य सोसण्यास समर्थ मानतो.

६

येथपर्यंतचे विवेचन जुन्या नियमांच्या बाजूने झुकले आहे. म्हणून दोन आक्षेपांचा विचार करणे आवश्यक आहे. दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की जुन्या संहितेवरील प्रेमात जुन्या अन्यायावरील प्रेमही लपलेले असते. १९७८ च्या ‘प्रगत’ नियमांत स्त्री-पात्राच्या शारीरिक बळाला पुरुष-पात्रापेक्षा कमी कमाल मर्यादा घातलेली होती. आगीचे गोळे फेकणाऱ्या जादूगारांच्या जगात ही एकच वास्तववादी काळजी लेखकाला का वाटावी, हा प्रश्न रास्त आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा राहिली नाही. जुन्या नियमांच्या चाहत्याने यावर काय म्हणावे? तो नियम गाळला तर निष्ठा भंग पावते आणि पाळला तर टेबलाभोवती बसणाऱ्या स्त्रीचा अपमान होतो, असा हा पेच दिसतो. पण वर सांगितलेला निकष येथेही उपयोगी पडतो. उघडपणे, फासा टाकण्यापूर्वी, सर्वांसाठी सारखा केलेला बदल हा विश्वासघात नव्हे. जुन्या नियमांनी निर्णयाची जबाबदारी टेबलावर सोपविली असेल, तर वाईट नियम तसाच चालू ठेवणे हाही त्या टेबलाचाच निर्णय ठरतो. मूळ लेखकाकडे बोट दाखवून त्यातून सुटका होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अस्वस्थ करणारा आहे. एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई विषयांचे प्राध्यापक होते. उर्दूच्या अभ्यासकांना त्यांची पाठ्यपुस्तके परिचित आहेत. त्यांनी उभारलेल्या तेकुमेल या कल्पित जगावरचा खेळ टीएसआरनेच १९७५ साली प्रसिद्ध केला. त्या जगाला स्वतंत्र भाषा होत्या, लिप्या होत्या, देवता होत्या. त्यांच्या घरी मित्रमंडळी अनेक वर्षे नियमाने खेळावयास जमत. २०१२ साली त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानाने जाहीर केले की, १९९१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झालेली एक नवनाझी कादंबरी त्यांनीच लिहिली होती.

या घटनेपुढे टेबलावरील न्यायाविषयीचे सर्व बोलणे अपुरे वाटू लागते. एखादा पंच समोर बसलेल्या पाच-सहा मित्रांशी सचोटीने वागू शकतो आणि त्याच वेळी संपूर्ण मानवसमूहांची समानता नाकारणारे पुस्तक लिहू शकतो. दीर्घकाळ एकत्र खेळल्याने मनुष्य कळतो असे जे म्हटले जाते, ते येथे खोटे ठरले. मित्रांपुढचा प्रश्नही सोपा नाही. ज्या संध्याकाळी खऱ्या होत्या त्या आता खोट्या मानावयाच्या काय? त्या जगावरील प्रेम टाकून द्यावयाचे, की ते निर्मात्यापासून सोडवून घ्यावयाचे? लेखक आणि कृती यांच्या संबंधांविषयीचा साहित्यविचारातील जुना वाद येथे पुन्हा उभा राहतो. फरक इतकाच की येथे कृतीचा काही भाग वाचकांनी, म्हणजे खेळाडूंनी, स्वतः रचलेला असतो. तेकुमेलमधील त्यांच्या मोहिमा बार्कर यांच्या एकट्याच्या नव्हत्या.

या आक्षेपाचे पूर्ण निरसन होऊ शकत नाही, आणि ते केल्याचा आव आणणेही बरोबर नाही. त्यातून एवढे मात्र निष्पन्न होते की खेळातील न्यायाला टेबलाच्या कडेची मर्यादा असते. टेबलावर बसलेल्यांना समान मानणे हा न्यायाचा आरंभ आहे. टेबलावर कोणाला बसू दिले जाते आणि कोणाविषयी तेथे बसून काय मानले जाते, ही त्याची पुढची कसोटी. स्त्री-पात्राच्या बळाची मर्यादा आणि बार्कर यांचे गुप्त लेखन ही दोन अगदी असमान उदाहरणे आहेत. पण दोन्ही याच कडेशी येऊन थांबतात. फाशाच्या बाबतीत सचोटी असणारा मनुष्य सर्वत्र सचोटीचा असतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह म्हणून टाळला पाहिजे.

७

जुने नियम आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. २००० सालच्या खुल्या परवान्याच्या आधारे ‘ओस्रिक’ (२००६) सारख्या पुस्तकांनी पहिल्या ‘प्रगत’ आवृत्तीचे नियम नव्या शब्दांत पुन्हा उपलब्ध केले. पुढे मूळ संचाची आणि १९८१ च्या पुस्तिकेचीही अशी पुनर्लेखने झाली. २०२३ च्या जानेवारीत हा परवाना मागे घेण्याच्या हालचालींना खेळाडूंनी एवढा विरोध केला की प्रकाशक संस्थेने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच अधिक मुक्त परवान्याखाली खुला केला. संहिता म्हणून जुने नियम सुरक्षित आहेत. पण जुन्या मित्रांची निष्ठा संहितेच्या जतनापुरती असती तर एवढ्यानेच तिचे समाधान झाले असते. तरुण मंडळी ही पुनर्मुद्रित पुस्तके घेऊन खेळू लागतात तेव्हा त्यांना नियम मिळतात. त्या नियमांच्या रिकाम्या जागांत साचलेले निवाडे मिळत नाहीत. ते त्यांना स्वतःच, एकमेकांविरुद्ध आणि एकमेकांसाठी, द्यावे लागतात.

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर यात शोधता येते. शिक्षेचे भय नसलेला नियम माणसे पाळतात, कारण तो पाळणे हा एकमेकांना प्रौढ मानण्याचा एक मार्ग असतो. जुना नियम अपुरा असल्यामुळे तो मित्राच्या विवेकावर भार टाकतो. निर्दय असल्यामुळे त्या विवेकाची परीक्षा घेतो. ज्या नियमसंहितेत प्रत्येक प्रसंगाची तरतूद आहे, तिच्यात मित्राने निवाडा चुकविण्याची शक्यता कमी, आणि म्हणून मित्राने निवाडा नीट देण्याची संधीही कमी. केस पांढरे झालेल्या त्या खेळाडूंना आपल्या मृत पात्रांची नावे आठवतात, आणि ती ते बहुधा अभिमानाने सांगतात. त्या अभिमानाचे कारण असे की, त्या पात्रांचा मृत्यू खरा होता. म्हणजे ज्या मित्राने तो जाहीर केला त्याने आकडा फिरविला नव्हता. मित्राकडून अधिक काही मागता येते, पण याहून कमी मागणे मैत्रीला शोभत नाही.